लिथियम नायोबेट: भाचीच्या चिपबद्दल एका जुन्या फायबरवाल्याच्या शंका

जोडकाम | १२ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी फोंड्याचा. दूरसंचारात अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून फायबर जोडण्यात गेली. आता निवृत्त. भाचीने ताळगावच्या पठारावर (गोवा विद्यापीठात) भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि पीएचडीसाठी तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एकीकडे सिलिकॉनच्या चिपमधून प्रकाश फिरवायचा, दुसरीकडे लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाच्या पातळ पापुद्र्यातून. पोरीचं मन दुसऱ्यावर बसलंय. बहीण म्हणते, "दादा, तू फायबरातला माणूस, तूच हिला सांग."

आता मी टोकाला टोक जोडणारा. टोकापलीकडच्या डब्यात काय चालतं ते आम्हाला कोण सांगणार! भाचीला विचारलं तर म्हणाली, "मामा, वीज लावली की स्फटिकातला प्रकाश किंचित रेंगाळतो. बाकी सगळं त्याच्यावर." एवढ्यावर माझं समाधान होईना. सिलिकॉनचे एवढे कारखाने जगभर उभे असताना हे नवं खूळ कशाला? आणि पातळ म्हणजे किती, नि पातळ करून मिळतं काय? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

रोमटो | १२ जुलै, रात्री ९:५२

लिथियम म्हणजे बॅटरीतलंच ना? चिप मोबाइलसारखी फुगणार नाही ना, काका?

(पहिला प्रतिसाद टाकून जागा धरली. पॉपकॉर्न नाहीत, भाजलेल्या काजूबिया आहेत.)

तरंगिणी | १२ जुलै, रात्री ११:१५

काका, मी याच विषयात पोस्टडॉक करते (घर म्हापशाला, काम गोव्याबाहेर), त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी "नवं खूळ" खोडून काढू. लिथियम नायोबेट निसर्गात मिळत नाही, भट्टीत वितळवून त्यातून स्फटिक हळूहळू वर ओढून काढावा लागतो. त्याचा फेरोइलेक्ट्रिक गुण (बाहेरून वीज न लावताही आत विद्युतध्रुव धरून ठेवण्याचा) १९४९ मध्ये बेल लॅब्जमध्ये कळला आणि १९६० च्या दशकात चांगले मोठे स्फटिक निघायला लागले. ज्या परिणामावर हे चालतं तो तर त्याहून जुना. फ्रीडरिश पॉकल्सने १८९३ मध्येच त्याचा अभ्यास केला होता. काही स्फटिकांवर विद्युतक्षेत्र लावलं की त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती रेंगाळतो ते सांगणारा आकडा, त्या क्षेत्राच्या प्रमाणात बदलतो. बदल किती? पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटीत एक व्होल्ट लावा, २.२ च्या आसपासच्या अपवर्तनांकात दशांश चिन्हानंतर पाचव्या स्थानावर फरक पडेल. बस्स. पण पडतो तो जवळजवळ तत्क्षणी, आणि सगळी मजा त्यातच आहे.

एवढ्याशा फरकातून शून्य आणि एक कसे काढायचे? शिगम्याचा रोमटामेळ, म्हणजे ढोल वाजवत निघणारी मिरवणूक, डोळ्यांसमोर आणा. एक मेळ चौकात दुभंगून दोन गल्ल्यांनी गेला आणि पुढच्या चौकात परत एकत्र आला. दोन्हीकडचे ढोल एका ठेक्यात असले तर दणका दुप्पट. एका गल्लीतल्या लोकांना अर्धा ठेका उशीर झाला तर सगळं फिसकटतं. प्रकाशाच्या बाबतीत फिसकटणं म्हणजे चक्क अंधार. याला माख-झेंडर मॉड्युलेटर म्हणतात. एका गल्लीला वीज लावायची, तिथला प्रकाश अर्धी लाट मागे पाडायचा, झाला शून्य.

आता पातळपणाचं. जुन्या पद्धतीत स्फटिकाच्या जाड तुकड्यात टायटेनियम मुरवून प्रकाशाची वाट आखायचे. वाट आणि आजूबाजूचा स्फटिक यांच्या अपवर्तनांकात जेमतेम ०.०१-०.०२ चा फरक, त्यामुळे प्रकाश दहा मायक्रॉनभर पसरून चालायचा. इलेक्ट्रोड जवळ आणले तर धातू तो प्रकाश खाणार, म्हणून लांब ठेवायचे. लांब ठेवले की जास्त व्होल्ट लागणार, नाहीतर काही सेंटीमीटर लांब तुकडा. नव्या पद्धतीत पापुद्रा ०.६ मायक्रॉनच्या आसपास असतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. खाली काचेसारखी सिलिका, तिचा अपवर्तनांक १.४४. एवढ्या फरकामुळे प्रकाश एका मायक्रॉनमध्ये गच्च राहतो आणि इलेक्ट्रोड त्याला खेटून बसवता येतात. २०१८ मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवलेल्या मॉड्युलेटरात २० मिलिमीटर लांबीला १.४ व्होल्ट पुरले. साध्या पेन्सिल सेलपेक्षाही कमी.

रोमटो: नाही रे बाबा, फुगणार नाही. इथलं लिथियम ऑक्सिजन आणि नायोबियमच्या जाळ्यात पक्कं अडकलेलं असतं.

साळगावची_सून | १३ जुलै, सकाळी ७:३०

छान लिहिलंस तरंगिणी, पण मी बारावीला शिकवते म्हणून राहवत नाही. ढोलांचा दाखला चुकतोय. दोन ढोल ठेका चुकून वाजले तर शांतता होत नाही, दोन्ही कानांवर आदळतात! विसर्जनाला दरवर्षी अनुभवतो आपण. त्यापेक्षा पाण्याच्या लाटा घे. एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा एकाच जागी आले की तिथलं पाणी सपाट. मुलांना मी परातीत पाणी घालून दोन बोटांनी हेच दाखवते. एकदा वर्गात परात उलटली आणि हजेरीचा कागद भिजला, तो भाग सोडून द्या.

तरंगिणी | १३ जुलै, सकाळी ८:०५

मान्य, बाई. ढोल मागे घेते, परात पुढे करते.

रोमटो | १३ जुलै, सकाळी ८:१०

माझ्या आयडीचा अपमान झालेला आहे. निषेध.

सिलिकॉनभक्त | १३ जुलै, सकाळी ११:४८

वाचून बरं वाटलं, पण एकच बाजू आलीय. मी चिप डिझाइनमध्ये पंधरा वर्षं आहे. काका, भाचीच्या भविष्याचा प्रश्न आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

सिलिकॉनची अडचण खरी आहे. त्याच्या स्फटिकाची रचना मध्यबिंदूभोवती सममित असल्यामुळे त्यात पॉकल्स परिणाम मिळत नाही. पण सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ मध्येच दाखवलं की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन भरले किंवा उपसले तरी अपवर्तनांक बदलतो. त्यावर आज डेटा सेंटरांमधली किती उपकरणं चालतात! सिलिकॉनचा वर्तुळाकार मॉड्युलेटर काही मायक्रॉन त्रिज्येचा. तुमचा माख-झेंडर मिलिमीटर-सेंटीमीटरात. एका चिपवर किती बसवणार? सिलिकॉनवर जर्मेनियमचा डिटेक्टर तिथल्या तिथे वाढवता येतो. लिथियम नायोबेटला स्वतःचा लेझर नाही, डिटेक्टर नाही, दोन्ही बाहेरून आणून चिकटवायचे. आणि लिथियम म्हटलं की सिलिकॉनचे कारखाने दारातूनच परत पाठवतात. त्याचे आयन ट्रान्झिस्टरात शिरले की वाट लागते. सोवळ्याचं स्वयंपाकघर आणि सुंगटांची (कोळंबीची) टोपली, दोन्ही एका ओट्यावर कशी चालतील?

तरंगिणी | १३ जुलै, दुपारी १:२०

टोपलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. लेझरचाही.

पण इलेक्ट्रॉन भरा-उपसाच्या पद्धतीत एक खोट आहे ती तुम्ही गाळलीत. तिथे प्रकाश नुसता रेंगाळत नाही, काही प्रमाणात शोषलाही जातो, कारण ते मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश खातात. म्हणजे एक नळ सोडला की दुसराही थोडा उघडतो. पॉकल्समध्ये तसं नाही, प्रकाशाची तीव्रता तशीच राहून फक्त कला (फेज, म्हणजे लाट किती पुढे-मागे आहे ते) बदलते. हल्ली लांब पल्ल्याच्या लाइनींत माहिती तीव्रतेत आणि कलेत मिळून भरतात, तिथे हे फार जड पडतं. वेगाचं म्हणाल तर मी सांगितलेल्या त्याच २०१८ च्या कामात ५ मिलिमीटरचं उपकरण १०० गिगाहर्ट्झपर्यंत चाललं होतं.

तुमचं वर्तुळ लहान आहे खरं, पण गरम-थंड झालं की त्याचा सूर उतरतो. त्याला सुरात ठेवायला हीटर लागतो. त्या हीटरचं वीजबिल कोण धरणार?

सिलिकॉनभक्त | १३ जुलै, दुपारी १:३१

आणि तुमच्या स्फटिकाचा बायस (मॉड्युलेटरची ठरवून ठेवलेली सुरुवातीची जागा) तासातासाला सरकतो त्याचं काय? तिथेही शेवटी हीटरच लावता ना?

तरंगिणी | १३ जुलै, दुपारी १:३३

लावतो. :(

पेडण्याचो_पात्रांव | १३ जुलै, दुपारी ४:००

एक भाबडा प्रश्न. हे नायोबियम आपल्या डिचोली-सांग्याच्या खाणींत सापडत नाही का? सापडलं तर खाणी सुरू करायला आणखी एक कारण मिळेल.

भरती_ओहोटी | १३ जुलै, संध्याकाळी ६:१५

पात्रांव, आपल्याकडे लोखंड आणि थोडं मँगनीज. जगातलं बहुतेक नायोबियम ब्राझीलमधून येतं, आराशा नावाच्या ठिकाणची खाण त्यात सगळ्यांत मोठी. म्हणजे एकेकाळी आपला आणि त्यांचा भाटकार (जमीनमालक, म्हणजे पोर्तुगाल) एकच होता, पण वाटणीत चांगला भाग त्यांना गेला. आणि त्यातलंही बहुतेक पोलादात मिसळायला जातं. स्फटिकांना लागतं ते चिमूटभर.

आता मूळ विषय. काकांना वाटतंय की हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, पण जाड लिथियम नायोबेट आम्ही रोज वापरतो. मी समुद्र सर्वेक्षणाच्या जहाजांवर उपकरणं सांभाळतो. जहाजाचं तोंड कुठे वळलं ते सांगणाऱ्या फायबर गायरोत फायबरचं भलंमोठं वेटोळं असतं. त्यात एकच प्रकाश दोन्ही दिशांनी सोडतात. जहाज वळलं की दोन प्रवाहांत केसाच्या अंतराचाही नाही एवढा फरक पडतो. प्रकाश दोन वाटांत फोडणारा आणि त्याची कला हलवणारा जो तुकडा असतो तो लिथियम नायोबेटचा. विमानांतही हेच. आम्ही डबा कधी उघडत नाही, पण तो आत बसून गुमान काम करत असतो.

जोडकाम | १३ जुलै, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. पातळपणाचं बऱ्यापैकी डोक्यात शिरलं. पण आता एका आकड्यापाशी अडलो. भाचीने पाठवलेल्या निबंधात लिहिलंय की या पापुद्र्यातल्या वाटेत मीटरला २.७ डेसिबल प्रकाश गळतो, आणि वर हा म्हणे पराक्रम! अहो, आमच्या फायबरला किलोमीटरला ०.२. एका जोडणीत ०.१ जास्त गेला तर साहेब जोडणी तोडून परत करायला लावायचे, मग पाऊस असो की रात्रीचे बारा. इथे मीटरभरात जवळपास निम्मा प्रकाश खलास? मी असतो तर कामावर घेतलं नसतं.

रोमटो | १३ जुलै, रात्री १०:०९

काका फॉर्ममध्ये आले.

तरंगिणी | १३ जुलै, रात्री ११:५०

काका, हसून पुरेवाट झाली. पण तुम्ही किलोमीटरची पट्टी घेऊन अंगण मोजताय. चिपवरची वाट काही सेंटीमीटरांची. मीटरला २.७ म्हणजे सेंटीमीटरला ०.०२७. सिलिकॉनच्या बारीक तारेत सेंटीमीटरलाच एक-दोन डेसिबल जातात. २०१७ च्या त्या आकड्याने आम्हा लोकांचे डोळे विस्फारले होते ते यासाठी. त्याआधी हा स्फटिक इतका गुळगुळीत कोरता येईल असं कुणाला फारसं वाटत नव्हतं.

कोरणं हेच मोठं दुखणं. सिलिकॉन फ्लोरिनच्या वायूने कोरतात, तयार झालेलं संयुग वाफ होऊन निघून जातं. इथे लिथियम आणि फ्लोरिन एकत्र आले की लिथियम फ्लोराइड होतं आणि ते उडून जात नाही, कोरलेल्या भिंतींवर पुटं चढवतं. मग बहुतेक जण आर्गॉनचे आयन मारून अक्षरशः टवके काढतात. पाथरवटाचं काम. भिंत सरळ उभी येत नाही, बांधासारखी तिरकी उतरते. उडालेला भुगा परत तिथेच बसतो, तो रसायनात धुवायचा.

पापुद्रा मिळवण्याची तऱ्हाही सांगते. तो स्फटिकावर साय धरावी तसा वाढवत नाहीत. अख्ख्या स्फटिकात हिलियमचे आयन मारतात, ते ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात. मग तो स्फटिक सिलिकाचा थर दिलेल्या वेफरवर उपडा चिकटवून तापवायचा. हिलियम जमलेल्या थराशी तो फाटतो आणि पातळ पडदा वेफरवर राहतो. फणसपोळी ताटावरून उचलावी तसं. युक्ती मुळात सिलिकॉनसाठी फ्रान्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. १९९८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने आयन मारून लिथियम नायोबेटचे पापुद्रे सोडवून दाखवले. चांगले तयार वेफर विकत मिळायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली.

आता माझी एक फजिती, भाचीला आवर्जून सांगा. हा स्फटिक तापला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमतो. पहिल्या वर्षी मी घाईत एक जाड वेफर थेट गरम हॉटप्लेटवर ठेवला. टिक्, टिक् असे दोन बारीक आवाज आले, कडेला निळसर ठिणगी दिसल्यासारखी वाटली आणि पुढच्या क्षणी वेफरचे तीन तुकडे. गाइड काही बोलले नाहीत. ते तुकडे त्यांनी एका पारदर्शक डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवले. अजून तिथेच आहेत. तेव्हापासून तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांनी वाढवते आणि तेवढ्यात चहा पिऊन येते.

साळगावची_सून | १४ जुलै, सकाळी ७:१५

ती डबी फार आवडली. मी परात तशीच ठेवणार आता.

भरती_ओहोटी | १४ जुलै, सकाळी ९:४०

तरंगिणी, चिपमध्ये प्रकाश घालता कसा? फायबरमध्ये तो दहा मायक्रॉनचा, तुमच्या वाटेत एक मायक्रॉनचा. नळ बादलीला लावता येतो, बादली नळाला कशी लावणार?

तरंगिणी | १४ जुलै, दुपारी २:३०

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. काहीच तजवीज न करता टोकाला टोक लावलं तर निम्म्याहून जास्त प्रकाश वाऱ्यावर. म्हणून वाट टोकाशी निमुळती करत नेतात, म्हणजे प्रकाश आपसूक पसरून फायबरच्या मापाला येतो. तरी फायबरचं टोक सहा दिशांनी हलणाऱ्या टेबलावर धरून मायक्रॉनच्या अंशाने सरकवत बसावं लागतं. आमच्या इमारतीशेजारून दिवसा ट्रक जातात, मीटरवरचा आकडा नाचतो. म्हणून हे काम रात्री अकरानंतर. मिळालं एकदाचं, की गोंदाचा थेंब लावून अतिनील दिव्याखाली वाळवायचं. वाळताना गोंद आकसतो आणि टोक हलतं. मग रडायचं.

काका म्हणाले ना, "मी टोकाला टोक जोडणारा"? आमच्यातलं निम्मं काम तेच आहे. फक्त जोडणीचं मशीन नाही.

सिलिकॉनभक्त | १४ जुलै, रात्री ८:२०

माझा विरोध आहे तिथेच आहे, पण एक भर घालतो. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या गटाने लिथियम टँटलेट या नायोबेटच्या भावंड स्फटिकाच्या पापुद्र्यावर तशाच चिप करून दाखवल्या. टँटलेट मोबाइलच्या फिल्टरांसाठी आधीपासून मोठ्या प्रमाणावर बनतं, त्यामुळे वेफर स्वस्त पडायला वाव आहे आणि बायस सरकण्याचा त्रासही कमी. भाचीने हे डोळ्यांआड करू नये. गंमत म्हणजे ग्रीक पुराणात नायोबी ही टँटलसची मुलगी. मुलगी पुढे गेली, आता बाप मागून येतोय.

आणि खरं सांगायचं तर पीएचडीत माणूस पदार्थापेक्षा सवयी शिकतो. दोन्हीकडचे गाइड कसे आहेत ते विचारा. कोणाच्या प्रयोगशाळेत क्लीनरूमची (चिप बनवायच्या धूळमुक्त खोलीची) वेळ मिळायला किती दिवस लागतात ते विचारा. तो आकडा पॉकल्सच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा.

तरंगिणी | १४ जुलै, रात्री ८:४१

शेवटच्या परिच्छेदाला +१००. बहुधा आपलं पहिल्यांदाच एकमत झालंय, तारीख लिहून ठेवा.

पेडण्याचो_पात्रांव | २ ऑगस्ट, सकाळी १०:१०

धागा वर काढतोय. काका, भाचीचं काय ठरलं?

जोडकाम | ३ सप्टेंबर, रात्री ९:२५

उशिराबद्दल माफी. चवथीची गडबड होती. भाचीने लिथियम नायोबेटच घेतलं. तिने दोन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून क्लीनरूमबद्दल विचारलं, तेव्हा सिलिकॉनभक्तांचे आभार, जरी निकाल त्यांच्या विरुद्ध लागला.

खरी गोष्ट वेगळीच घडली. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला माळ्यावरून दोरी काढत होतो, तर मागे पत्र्याचा खोका सापडला. खात्याने जुनं सामान लिलावात काढलं होतं तेव्हा कपाटासोबत आलेली दोन-तीन ट्रान्समिशनची कार्डं. त्यातल्या एकावर बोटभर लांबीची, सोनेरी, चपटी डबी होती. दोन्ही टोकांना पिवळं फायबर आणि एका अंगाला बारीक गोल सॉकेट. अशी कार्डं मी रॅकमध्ये कितीदा सरकवलीत त्याला गणती नाही. पावसात वीज कडाडली की पहिली हीच बदलायची. डबीत काय आहे हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

भाचीने ती पाहिली आणि हातातली करंजी ताटात ठेवली. आम्ही दोघांनी सोनाराच्या पेचकसाने कडा उचकटून झाकण काढलं. आत काचेची काडी असावी असा तुकडा. लांब, अरुंद, पार आरपार दिसणारा, आणि त्याच्यावर सोन्याच्या दोन-तीन रेघा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अगदी शेजारून धावत गेलेल्या. "मामा, हाच तो. जाडा भाऊ." मी भिंग लावून टोकं बघितली. आमच्या हिरव्या कनेक्टरची असतात तशी तिरकी घासलेली, म्हणजे परत फिरणारा प्रकाश आल्या वाटेने मागे जाऊ नये. आणि फायबर गोंदाने लावलेलं, गोंदाचा थेंब पिवळा पडलेला. एवढी सुबक जोडणी मी कधी केली नाही, हे कबूल करतो.

त्या रात्री तिला फायबर सोलून, पुसून, क्लीव्हरने टोक कसं तोडायचं ते दाखवलं. पहिली सात टोकं तिने वाया घालवली, आठवं भिंगाखाली आरशासारखं आलं. तुकडे चिकटपट्टीवर लावून ठेवायला सांगितले, नाहीतर पायात घुसतात आणि दिसत नाहीत. परवा ती गेली. माझा क्लीव्हर घेऊन गेली.

रोमटो | ३ सप्टेंबर, रात्री ९:३१

काका, खात्याचा सोन्याचा माल वीस वर्षं माळ्यावर?

जोडकाम | ३ सप्टेंबर, रात्री ९:३८

लिलावाची पावती आहे माझ्याकडे. आणि कोणाकडे जुन्या क्लीव्हरचं जास्तीचं पातं असेल तर कळवा. मडगाव, वास्को दोन्हीकडे विचारलं, नाही मिळालं.

भरती_ओहोटी | ३ सप्टेंबर, रात्री १०:०२

मॉडेल कोणतं ते व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमच्या स्टोअरमधल्या माणसाला विचारतो, सोमवारी सांगतो.